भावकीतली दोन औषधं आणि दादाची लेव्हल २३.८

माझ्या दादाची किडनी २०२२ च्या फेब्रुवारीत बदलली, आईची किडनी त्याला बसवली, आणि दीड वर्ष सगळं सुरळीत चाललेलं असताना २०२३ च्या ऑगस्टमध्ये खोकल्याच्या सात गोळ्यांनी आम्हाला पार हादरवून सोडलं. ती केस मी तारखेवार लिहून ठेवतेय, कारण तेव्हा असं काही मराठीत वाचलेलं असतं तर पहिली गोळी पोटात जायच्या आधीच घरात कुणीतरी थांब म्हटलं असतं. मी स्वतः मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी आहे, चिंचवडला एका फूड कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करते, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

आधी थोडी मागची माहिती. दादा तेव्हा ३९ वर्षांचा, राहायला निगडीत, नोकरी भोसरीला टूलरूममध्ये. आयजीए नेफ्रोपॅथी म्हणून दुखणं असतं, त्याने किडन्या हळूहळू गेल्या, पहिली काही वर्षं तर कळलंही नाही कारण दुखत काहीच नव्हतं, फक्त बीपी वाढलेलं. मग सात महिने डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. मग आईच्या तपासण्या, कमिटी, कागदपत्रं. आईची किडनी म्हणजे जवळच्या नात्यातली, त्यामुळे कायद्याच्या बाजूने फार अडचण आली नाही. ऑपरेशन छान झालं. आईसुद्धा दोन महिन्यांत पूर्वीसारखी बाजारात जायला लागली.

ऑपरेशननंतर रोजची तीन मुख्य औषधं: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. मायकोफेनोलेट ज्या आम्लापासून आलं ते १८९३ साली इटलीत गोसिओ नावाच्या संशोधकाने बुरशीतून वेगळं काढलेलं. आणि टॅक्रोलिमस हे थेट जिवाणूने बनवलेलं. दादाचा डोस २ मिलिग्रॅम सकाळी ९ ला, २ मिलिग्रॅम रात्री ९ ला, मोबाइलवर अलार्म लावलेला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बिघडलं की वाढणारा रक्तातला आकडा, १.२ वर स्थिर होतं आणि रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल साडेपाच ते साडेसहाच्या मधे, डॉक्टरांना पाहिजे होती तेवढीच.

या लेव्हलचं एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लेव्हल कमी पडली की शरीर आईची किडनी परकी म्हणून तिच्यावर तुटून पडतं, जास्त झाली की हेच औषध किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि तीच किडनी खराब करतं, हात थरथरतात, पोटॅशियम वाढतं, साखर वाढू शकते. या दोन्हींच्या मधली पट्टी एवढीशी आहे. दादा कामावर मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरचा फरक मोजतो, त्यामुळे हे टॉलरन्सचं गणित घरात सगळ्यात आधी त्यालाच समजलं.

आता हे औषध आलं कुठून ते सांगते, कारण पुढचा घोटाळा त्याच्याशीच जोडलेला आहे. १९८४ साली जपानमध्ये फुजिसावा या कंपनीच्या संशोधकांना त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत एक जिवाणू सापडला, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबेन्सिस. तो जे रसायन बनवायचा त्याला सुरुवातीला एफके-५०६ म्हणत होते. टॅक्रोलिमस या नावातला पहिला ट हा त्सुकुबाचा. १९८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल या सर्जननी ते पहिल्यांदा यकृत बदललेल्या पेशंटना दिलं, १९९४ ला तिथे यकृतासाठी मंजुरी मिळाली आणि १९९७ ला किडनीसाठी.

स्ट्रेप्टोमायसिस ही जमात आपल्या घरात नवीन नाही. आमचे बाबा पिंपरीच्या एचए कंपनीतून रिटायर झाले, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ला सुरू झालेली, आणि त्यांची सगळी नोकरी फर्मेंटेशन प्लांटमध्ये गेली. स्ट्रेप्टोमायसिन बनायचं ते याच जमातीच्या दुसऱ्या जिवाणूपासून. एचएमध्येच थिरुमलाचार यांच्या टीमने पिंपरीच्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस शोधला, त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्यापासून बुरशीवरचं औषध काढलं, हॅमायसिन. आपल्या पिंपरीचं नाव एका जिवाणूच्या नावात आहे हे बाबा आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, शाळेत मी ते वर्गात उभं राहून सांगितलेलं मला आठवतंय. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो बराचसा याच जमातीच्या एका रसायनाचा, जिओस्मिनचा. ट्रान्सप्लांटनंतर दादाच्या औषधाचा कागद बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "आम्ही ही पोरं जंतू मारायला वाढवायचो, इथे त्यांनाच आपल्या पोराच्या अंगाला गप्प बसवायला लावलंय."

बाबांच्या त्या बोलण्यावरून मी विचारात पडले की मातीतल्या जिवाणूला माणसाच्या प्रतिकारशक्तीशी काय घेणंदेणं? त्याने तर माणूस पाहिलेलाही नाही. त्याचं भांडण बहुतेक शेजारच्या बुरशीशी आहे. एफके-५०६ बुरशीलासुद्धा रोखतं. आणि बुरशीच्या पेशीत जे प्रोटीन आहे, कॅल्सिन्युरिन, तेच थोड्याफार फरकाने आपल्या पेशीतही आहे, इतकं ते जुनं आहे. आपल्या टी-पेशीला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशीला, परकं काही दिसलं की आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनएफएटी नावाच्या प्रोटीनवरचा फॉस्फेट काढतं, एनएफएटी केंद्रकात जातं आणि इंटरल्युकिन-२ बनवायची ऑर्डर सोडतं, मग टी-पेशींची फौज वाढते. टॅक्रोलिमस एकटं काही करू शकत नाही, ते आपल्याच पेशीतल्या एफकेबीपी-१२ या छोट्या प्रोटीनला चिकटतं आणि ती जोडगोळी जाऊन कॅल्सिन्युरिनवर ठाण मांडून बसते. फॉस्फेट निघत नाही, ऑर्डर सुटत नाही. टी-पेशी मरत नाही, फक्त आईच्या किडनीकडे बघून गप्प राहते. मला हे सगळं कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं, दादाच्या निमित्ताने मी ते खऱ्या अर्थाने वाचलं.

आता ऑगस्ट २०२३. पुण्यात पावसाळी हवा, घरोघरी सर्दी-खोकला, दादाच्या मुलाला शाळेतून झाला, मग दादाला. गुरुवारी १७ तारखेला ताप १०० च्या आसपास आणि छातीत कफ. ट्रान्सप्लांटवाल्या माणसाने दुखणं अंगावर काढायचं नाही हे आम्हाला इतकं बजावून सांगितलेलं की वहिनी त्याला लगेच संध्याकाळी घराजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर चांगले, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना तपासलेले. त्यांनी विचारलं, कशाची अ‍ॅलर्जी? नाही. शुगर? नाही. दादा म्हणाला, किडनी बदललीय, तिच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, त्या चालूच ठेव. कुणी फाइल नेली नव्हती, औषधाचं नाव कुणी उच्चारलं नाही. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० ही अँटिबायोटिक दिली, सकाळ-रात्र, पाच दिवस.

गुरुवारी रात्री पहिली गोळी. शुक्रवारी दोन. शनिवारी दादा कामावर गेला, दुपारी एक जॉब मोजताना मायक्रोमीटर हातात स्थिर राहीना, थिंबल फिरवताना उजव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती. त्याने दोनदा रीडिंग घेतलं, दोन्ही वेगळी आली, तिसऱ्यांदा शेजारच्या माणसाला घ्यायला सांगितलं. तो म्हणाला तापाने अशक्तपणा आलाय. घरी येऊन कुणाला बोललाही नाही. रविवारी डोकं ठणकत होतं आणि आदल्या रात्री झोप नाही, आईने अशक्तपणा जावा म्हणून दोन शहाळी आणली, त्याने दोन्ही प्यायली. तेव्हा कुणाला वाटणार की त्या दिवशी त्याला शहाळंसुद्धा नको होतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. रविवारी रात्री जेवताना पाण्याचा ग्लास तोंडाशी नेताना वहिनीने त्याचा हात बघितला आणि मला फोन केला.

मी फोनवर पहिलं विचारलं, नवीन काय घेतोय. वहिनीने पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि टॅक्रोलिमस दोन्ही मॅक्रोलाइड, म्हणजे मोठ्या कड्यासारखी रचना असलेली, एकाच कुळातली. क्लॅरिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनपासून केलेलं, आणि एरिथ्रोमायसिन हे फिलिपिन्सच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं. भावकीतली औषधं. पण तोपर्यंत सात गोळ्या आणि तीन दिवस झाले होते.

इथे नेमकं काय झालं ते समजून घ्या. टॅक्रोलिमसची कॅप्सूल गिळली की त्यातलं थोडंच रक्तापर्यंत पोचतं, बाकीचं आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात सीवायपी-३ए-४ नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, शिवाय आतड्यातला एक पंप काही भाग परत बाहेर फेकतो. डॉक्टरांनी दादाला ठरवून दिलेल्या २ मिलिग्रॅममध्ये ही सगळी नासधूस आधीच धरलेली असते. क्लॅरिथ्रोमायसिन त्या एन्झाइमला असं चिकटतं की ते निकामीच होतं, आणि पंपालाही अडवतं. म्हणजे दादा तोच डोस घेत होता, त्याच वेळेला, एकही चूक न करता, आणि रक्तात कितीतरी पट औषध साठत होतं.

रविवारी रात्री ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरना फोन केला, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन बंद करायला सांगितलं, रात्रीची टॅक्रोलिमसही घेऊ नका म्हणाल्या आणि सकाळी रक्त द्यायला बोलावलं. सोमवारी २१ तारीख, नागपंचमी. वहिनीने पुरणाची दिंडं करायला सगळी तयारी करून ठेवलेली ती तशीच राहिली. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. लेव्हलचं रक्त नेहमी सकाळचा डोस घ्यायच्या आधी द्यायचं असतं, औषध घेऊन दिलं तर आकडा खोटाच फुगतो, म्हणून रिपोर्ट पाहिल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता, कॅप्सूल घेऊन आलात का? नाही, उलट आदल्या रात्रीची पण चुकवलेली. आणि तरी लेव्हल २३.८. क्रिएटिनिन २.३. पोटॅशियम ५.८.

लगेच ईसीजी काढला, तो ठीक निघाला. अ‍ॅडमिट केलं. पोटॅशियम उतरवायची पावडर चालू केली, फळं आणि शहाळं बंद. टॅक्रोलिमस पूर्ण थांबवली, बाकीची दोन चालू ठेवली. यावर दुसरा उतारा नसतो, आणि हे औषध रक्तपेशींना धरून बसतं त्यामुळे डायलिसिसनेही निघत नाही, शरीराने स्वतः मोडेपर्यंत वाट पाहायची. आईचा जीव टांगणीला लागलेला, ती एकच विचारत होती, माझी किडनी राहील ना त्याच्यात? "माझी" म्हणताना तिचा हात स्वतःच्या कुशीवर जायचा, तिला ते कळतही नव्हतं.

बुधवारी २३ ला लेव्हल १३.१. त्याच संध्याकाळी चांद्रयान चंद्रावर उतरलं, वॉर्डातले सगळे मोबाइलवर बघत होते, दादाने माझा मोबाइल हातात घेतला आणि स्क्रीन हलत नव्हती. मला चंद्रापेक्षा ते जास्त दिसलं. शुक्रवारी २५ ला लेव्हल ८.४, क्रिएटिनिन १.७. टॅक्रोलिमस अर्ध्या डोसवर, १ मिलिग्रॅम दोनदा, चालू करून घरी सोडलं. छातीचा एक्स-रे साफ होता, खोकला बहुतेक व्हायरलच होता, म्हणजे ती अँटिबायोटिक लागतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, याच गटातलं औषध द्यायची खरंच वेळ आली तर अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या मानाने बरं, ते या एन्झाइमला फारसं अडवत नाही, पण तेही आम्हाला विचारून.

आम्हाला वाटलं संपलं. पण खरी कसरत पुढे होती आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनने निकामी केलेलं एन्झाइम परत येत नाही, शरीराला नवीन बनवावं लागतं, त्याला काही दिवस लागतात. ते बनलं की मोडतोड पूर्वीसारखी सुरू होते, आणि आपण तर डोस अर्धा केलेला. १ सप्टेंबरला लेव्हल ३.९. आता धोका उलट्या बाजूचा, रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा. आगीतून फुफाट्यात. डोस दीड मिलिग्रॅम केला, ८ तारखेला ५.१. परत २ वर नेला, १५ तारखेला ६.२. चार आठवड्यांत सहा वेळा लेव्हल काढली. रिपोर्ट संध्याकाळी यायचा, त्या दिवशी घरात कुणी टीव्ही लावायचं नाही.

मधे अजून एक भीती होऊन गेली. खोकला तिसऱ्या आठवड्यातही थोडा राहिला म्हणून बेडका टीबीसाठी तपासला. निगेटिव्ह आला. पण तो येईपर्यंत मी रात्री जागून वाचत होते, कारण टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन बरोबर उलटं वागतं, ते हेच एन्झाइम वाढवतं आणि टॅक्रोलिमसची लेव्हल खाली पाडतं. आणि रिफाम्पिसिनचा मूळ जिवाणूसुद्धा मातीतलाच, १९५७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या मातीत इटलीच्या संशोधकांना मिळालेला. एक मातीतलं औषध लेव्हल चढवतं, दुसरं पाडतं आणि तिसऱ्यावर आपला माणूस जगतोय. आपल्या देशात टीबी इतका आहे की ट्रान्सप्लांटवाल्या प्रत्येक घराने हे माहिती करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

ओपीडीत दादाने विचारलं, दुसरं औषध नाही का ज्याला ही भानगड नाही. डॉक्टरांनी सिरोलिमसचं नाव घेतलं, पण तेही याच एन्झाइमवर जातं, क्लॅरिथ्रोमायसिन तिथेही नडलं असतं, शिवाय तोंडात फोड आणि कोलेस्टेरॉल वाढण्याचा त्रास असू शकतो. तर टॅक्रोलिमसच राहिलं. सिरोलिमसची गोष्ट मात्र मी बाबांना सांगितली आणि त्यांना ती फार भिडली. १९६४ च्या शेवटी कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली, तिथली माती आणली, माँट्रियलच्या आयर्स्ट लॅबमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या माणसाने त्यातल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हे रसायन वेगळं काढलं, बेटाचं तिथलं नाव रापा नुई म्हणून रॅपामायसिन. ते पहिल्यांदा बुरशीवरचं औषध म्हणूनच पाहिलं होतं. नंतर कंपनीने ती लॅब बंद केली, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, आणि पुढे १९९९ मध्ये ते किडनी ट्रान्सप्लांटसाठी मंजूर झालं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कल्चर मरू द्यायचं नसतं." एचएतल्या रात्रपाळ्या आठवल्या असणार.

आता दोष कुणाचा यावर घरात खूप बोलणं झालं. वहिनी स्वतःला लावून घेत होती. मी डॉक्टरांनाही एकट्याला दोष देणार नाही, त्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी चाळीस माणसं खोकत बसली होती. माझा राग आहे तो डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेल्या त्या कागदावर. त्यात सगळं लिहिलेलं होतं, क्लॅरिथ्रोमायसिनसुद्धा, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात, चौथ्या पानावर, आणि ती फाइल कपाटात. औषध रोज देणारी माणसं म्हणजे आई आणि वहिनी, त्यांना वाचता येईल अशा भाषेत एक ओळ नाही. ज्या औषधाचा हिशोब ग्रॅमच्या अब्जाव्या भागात चालतो त्याची सूचना घरच्या भाषेत नसावी हे मला पटत नाही.

म्हणून मी एक चिठ्ठी केली, डॉक्टरांकडून तपासून घेतली, लॅमिनेट केली. एका बाजूला मोठ्या अक्षरात: माझी किडनी बदललेली आहे, मी टॅक्रोलिमस घेतो, कोणतंही नवीन औषध देण्याआधी या नंबरवर फोन करा. दुसऱ्या बाजूला: क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल, डिल्टिआझेम, व्हेरापामिल यांनी लेव्हल वाढते. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी घटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा पेनकिलर नकोत. जुलाब लागले तर लेव्हल वाढू शकते, लगेच कळवा. हात थरथरला तर लगेच कळवा. मेडिकलवाल्याने टॅक्रोलिमसची कंपनी बदलून दिली तर घेऊ नका. शेवटच्या ओळीत पपनस आणि ग्रेपफ्रूट, कारण त्यांच्यातले घटक आतड्यातलं तेच एन्झाइम बंद करतात.

ती चिठ्ठी दादाच्या पाकिटात एक, वहिनीच्या पर्समध्ये एक, फ्रिजवर एक. आमच्या डॉक्टरांना मी स्वतः नेऊन दिली, त्यांनी ती वाचून दादाच्या केसपेपरला स्टेपल केली आणि अजून दोन कॉप्या मागून घेतल्या, त्यांच्याकडे ट्रान्सप्लांटचे आणखी दोन पेशंट येतात. १९ सप्टेंबरला गणपती बसले, फळांमध्ये आईने दरवर्षीप्रमाणे पपनस आणलं होतं. ते बाप्पापुढे ठेवलं आणि आरती झाल्यावर वहिनीने उचलून शेजारच्या काकूंना दिलं, दादाच्या मुलाने तेवढ्यात फ्रिजवरची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली.

क्रिएटिनिन १.२ वर परत आलं नाही. १.४ वर थांबलंय, तेव्हापासून तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात चालेल. बायोप्सीची गरज पडली नाही. दादा भोसरीला जातो, अलार्म सकाळी ९ आणि रात्री ९ ला वाजतो, आणि महिन्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी, कॅप्सूल खिशात ठेवून, तो रक्त द्यायला लॅबमध्ये बसलेला असतो.